३८० एसएलचा ऑटोमॅटिक बॉक्स झटके देतोय: उघडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. १९८३ ची मर्सिडीज ३८० एसएल, चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. पावसाळाभर माहीमच्या बंद गॅरेजमध्ये जवळपास उभीच होती. आता सकाळी थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं ओरडतं आणि मग गिअर धाडकन बसतो. गाडी गरम झाली की हे ओरडणं कमी होतं, पण सिग्नलला थांबता थांबता मागून कुणी ढकलल्यासारखा झटका बसतो. मध्ये एकदा बॉक्सचं तेल कमी होतं म्हणून अर्धा लिटर भरलं. जमिनीवर मात्र तेलाचा डाग नाही. मेकॅनिकचं म्हणणं, बॉक्स उतरवून पूर्ण उघडावा लागेल.

लगेच उघडू देऊ नका. तुमच्या वर्णनातला सगळ्यात मोलाचा भाग झटक्याचा नाही, तेलाचा आहे. तेल कमी झालं आणि खाली डाग नाही, तर ते गेलं कुठे? या बॉक्समध्ये तेलाला डाग न पाडता निघून जायला दोनच मुख्य वाटा आहेत. एक रेडिएटरमधल्या कूलरमार्गे इंजिनाच्या पाण्यात, दुसरी मॉड्युलेटरच्या (बॉक्समधल्या तेलाचा दाब ठरवणाऱ्या डबीच्या) फाटक्या पडद्यातून थेट इंजिनाच्या पोटात. दुसरी वाट खरी असेल तर तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच छोट्याशा डबीने पटण्यासारख्या आहेत. कशा, ते समजायला हा बॉक्स विचार कसा करतो ते आधी पाहू.

तुमच्या गाडीतला बॉक्स ७२२.३ मालिकेतला. त्यात कॉम्प्युटर नाही. गिअर कधी आणि किती जोराने बदलायचा हे तो तीन निरोपांवरून ठरवतो. गाडीचा वेग त्याला गव्हर्नर सांगतो. तुमचा पाय अॅक्सिलरेटरवर किती आहे हे थ्रॉटलच्या सांध्यापासून बॉक्सपर्यंत जाणारी केबल सांगते. इंजिनावर ओझं किती आहे हे इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातून) येणारी व्हॅक्यूमची नळी मॉड्युलेटरला सांगते. पाय हलका असला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम भरपूर असतो, मॉड्युलेटर तेलाचा दाब कमी ठेवतो आणि गिअर मऊ बसतो. पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, दाब वाढतो, क्लच घट्ट पकडतात. नळी निघाली, चिरली किंवा पडदा फाटला तर मॉड्युलेटरला वाटतं की तुम्ही कायम घाट चढताय. मग हळू चालवतानाही गिअर हातोडा मारल्यासारखे बसतात आणि थांबताना खालचा गिअर पडतो तेव्हा गाडी झटका खाते.

आता पडदा फाटलेला असला की त्याच नळीतून इंजिन बॉक्सचं तेल थोडंथोडं ओढून जाळत राहतं. पातळी खाली जाते. थंड तेलाचं आकारमान कमी असतं, त्यामुळे सकाळी पंप तेलासोबत हवा ओढतो आणि तिसऱ्या गिअरचा क्लच भरायला उशीर होतो. तेवढ्यात इंजिन मोकळं ओरडतं. गाडी तापली की तेल फुगून पातळी वर येते, ओरडणं थांबतं आणि मागे उरतो तो फक्त झटका. तुमची कहाणी याच्याशी जुळते. जुळते म्हणून सिद्ध झाली असं नाही, पण तपासायची सुरुवात इथूनच करायची.

मॉड्युलेटर: वीस मिनिटांचं काम

मॉड्युलेटर म्हणजे बॉक्सच्या बाजूला बसवलेली पत्र्याची गोल डबी. तिच्या टोकाला रबरी टोपी आणि त्यात व्हॅक्यूमची नळी. गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा. नळी उपटा आणि तिच्या तोंडाला बोट लावून पाहा. आतून लाल, तेलकट ओल आली, ऑटोमॅटिकच्या तेलाचा वास आला, तर निकाल लागला. पडदा फाटलाय. बोट कोरडं राहिलं तरी थांबू नका, हाती व्हॅक्यूम पंप डबीला लावून १५ इंच पारा ओढा. काटा दोन मिनिटं जागचा हलता कामा नये. हळूहळू घसरला तरी डबी बाद.

याच वेळी आणखी एक बघून घ्या. थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर येतो का, आणि एखाद्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा तेलकट आहे का. जळणारं तेल इथे स्वतःची सही करून जातं.

नवी डबी घेताना बॉक्सच्या अंगावर कोरलेला क्रमांक लिहून न्या. ७२२.३ च्या पुढेही आकडे असतात आणि प्रत्येक इंजिनाच्या बॉक्ससाठी मॉड्युलेटर वेगळा. दिसायला सारखा, धाग्याला बसणारा, पण आतली स्प्रिंग वेगळी, असा भाग लावला की महिनाभर तुम्ही चुकीच्या जागी शोधत बसाल. चोर बाजारात किंवा जुन्या गाड्यांच्या भंगारात सुटा मॉड्युलेटर मिळेलही, पण चाळीस वर्षांच्या रबराचा दुसरा चाळीस वर्षांचा रबर हा पर्याय नाही. हा भाग नवाच घ्या. काच, चिन्ह, आरसा जुना चालतो, पडदा चालत नाही.

डबी काढताना थोडं तेल सांडतं, खाली ट्रे ठेवा. डबी आणि आतल्या व्हॉल्व्हच्या मध्ये एक बारीक पिन असते. ती डबीसोबत बाहेर येऊन ट्रेमध्ये पडते आणि लक्षात येत नाही. पिनशिवाय बसवलेला नवा मॉड्युलेटर काहीच काम करत नाही, म्हणून आधी पिन शोधा, मग पुढे जा. ओ-रिंग नवी टाका, तिला तेलाचा हात लावा.

रबरी टोपीखाली टी आकाराची एक किल्ली असते. ती बाहेर ओढून फिरवली की दाब बदलतो. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की गिअर कडक, उलट फिरवलं की मऊ. लोक इथेच घोळ घालतात. व्हॅक्यूमची नळी चिरलेली असते, झटके बसतात, मग किल्ली फिरवून झटके कमी केले जातात. पुढे कधीतरी कुणी नळी बदलतो आणि मग दाब इतका कमी उरतो की क्लच सरकायला लागतात. क्लच सरकला की जळतो. त्यामुळे नवा मॉड्युलेटर कारखान्यातून आला तसाच बसवा, शंभरेक किलोमीटर चालवा आणि त्यानंतर गरज वाटली तरच, अर्धा फेरा एका वेळी. प्रत्येक वेळी वहीत लिहा.

नळी

मॉड्युलेटर चांगला निघाला तर मॅनिफोल्डपर्यंतची वाट तपासा. मधली नळी कडक प्लास्टिकची असते, ती बहुधा टिकते. टोकांचे रबरी कोपरे मात्र इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन चिरतात. समुद्रालगतच्या दमट हवेत आणि बंद गॅरेजमध्ये हे काम आणखी लवकर होतं. कोपरा वाकवून पाहा, बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या की बदला. इथे सलाईनची किंवा फिशटँकची नळी लावण्याची रीत आहे. ती थंडीत बसते, इंजिन तापलं की मऊ होऊन व्हॅक्यूमने चपटी होते आणि मग दोष फक्त गरम गाडीत येतो, जो शोधणं सर्वांत कठीण. जुना तुकडा सोबत नेऊन आतला व्यास जुळवा आणि व्हॅक्यूमसाठीचीच जाड भिंतीची नळी घ्या.

मोजायची पद्धत सोपी आहे. गेज आधी मॅनिफोल्डच्या टोकाला लावा. गरम इंजिन, आयडलवर, १६ ते २० इंच पारा आला तर इंजिन ठीक. मग तोच गेज मॉड्युलेटरच्या टोकाला लावा. दोन आकड्यांत एक इंचापेक्षा जास्त फरक म्हणजे मधे गळती. दोन्हीकडे सारखाच पण कमी आला, समजा १२, तर दोष बॉक्सचा नसून इंजिनाचा. इग्निशनचं टायमिंग, व्हॉल्व्ह किंवा इनटेकच्या पॅकिंगमधून ओढली जाणारी हवा. या गाडीत बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे आणि ते चोरट्या हवेला फार हळवं असतं. आयडल डगमगत असेल तर गिअरच्या आधी ते दुरुस्त करा, बॉक्स बऱ्याचदा त्याच दुरुस्तीत सुधारतो.

गेज नसेल तर कच्ची परीक्षा. नळी मॉड्युलेटरवरून काढा, नळीचं तोंड बुचाने बंद करा आणि मोकळ्या रस्त्यावर छोटी फेरी मारा. झटके आधीपेक्षा स्पष्ट वाढले, तर व्हॅक्यूम पोचत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच पोचत नव्हता.

तेलाची पातळी मोजण्यातच अर्ध्या चुका

महिनाभर उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणाऱ्या भागातलं) तेल हळूहळू चेंबरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटलीत, उतरतं. सकाळी इंजिन बंद असताना डिपस्टिक काढली तर तेल खुणेच्या बरंच वर दिसतं. मग कुणीतरी 'जास्त झालंय' म्हणून लिटरभर काढून टाकतो. पातळी मोजायची ती गाडी सपाटीवर, गिअर पीमध्ये, इंजिन आयडलवर दोनेक मिनिटं चाललेलं, आणि तेल साधारण ८० अंशांवर असताना. म्हणजे मुंबईच्या रहदारीत अर्धा तास चालवून आल्यावर. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे फक्त ०.३ लिटर. तुमच्या अर्ध्या लिटरने पातळी 'किमान'च्या खालून थेट 'कमाल'च्या वरही गेली असू शकते. जास्त तेलही वाईटच. फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, फेसाला दाब देता येत नाही आणि लक्षणं कमी तेलासारखीच दिसतात.

डिपस्टिक पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका. आपल्या गॅरेजमध्ये ते सगळीकडे हाताशी असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह बॉडीत (तेल वेगवेगळ्या गिअरकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात) गेला तर एखादा व्हॉल्व्ह अडकतो आणि एक गिअर कधी येतो कधी येत नाही. शॅमॉय किंवा धागे न सुटणारं कापड घ्या.

तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लाल किंवा विटकरी आणि पसरणारा डाग चांगला. मधोमध काळा ठिपका आणि जळक्या डाळीसारखा वास, तर क्लचचं अस्तर जळतंय. गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी जागची हलवू नका. रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय, किंवा हिंदमाता, मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी अडकून पाणी बॉक्समध्ये शिरलंय. क्लचच्या प्लेटवरचं अस्तर कागदी असतं, पाण्याने त्याचा डिंक सुटतो. अशा वेळी तेल बदलून चालवणं म्हणजे निकाल दोन महिने पुढे ढकलणं.

तेल बदलणं

मॉड्युलेटरचा निकाल काहीही लागो, हे करा. तेल कधी बदललं याची नोंद नसलेल्या गाडीत इतर काही ठरवण्याआधी नवं तेल आणि नवा फिल्टर हवाच, नाहीतर पुढची प्रत्येक चाचणी संशयास्पद राहते.

या बॉक्सला डेक्सरॉन २ प्रकारचं तेल ठरवून दिलं होतं. आज डेक्सरॉन ३ वर्गातलं चांगलं तेल घ्या. नव्या मर्सिडीजच्या पाच आणि सात गिअरच्या बॉक्सचं महागडं तेल यात टाकू नका. त्याचं घर्षणाचं गणित वेगळं आहे, 'महाग म्हणजे चांगलं' इथे लागू नाही. आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल तर चुकूनही नाही.

तेल हाताला सोसेल इतकं कोमट असताना, बॅटरीची वायर काढून, चेंबरचं बुच ५ मिलिमीटरच्या एलन कीने काढा. चेंबर रिकामा झाला तरी साताठ लिटरपैकी बराच भाग कन्व्हर्टरमध्येच असतो. कन्व्हर्टरलाही स्वतःचं बुच आहे, तेही ५ मिलिमीटरचंच. ते खालच्या खिडकीत आणायला क्रँकच्या बोल्टला २७ चा सॉकेट लावून इंजिन समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा. उलट फिरवायचं नाही. अनेक ठिकाणी हे बुच कुणी उघडतच नाही, नुसतं चेंबरचं तेल बदलून 'पूर्ण बदललं' म्हणतात. निघालेलं तेल मापाच्या बाटल्यांत भरून मोजा, आधी किती कमी होतं ते कळेल.

चेंबर सहा बोल्टांवर आहे. उतरवल्यावर तळात काय साचलंय ते नीट बघा, कारण पुढचा निर्णय यावर आहे. तळाशी राखाडी, लोण्यासारखा पातळ थर असणारच, तो वयाचा. अॅल्युमिनियमचे चमकते तुकडे, पितळी कण, काळ्या ठिसूळ खपल्या किंवा रबर आणि प्लास्टिकचे तुकडे दिसले तर ते डबीत जपून ठेवा, फोटो काढा. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस वेगळा करा. प्लास्टिकचे तुकडे बी२ पिस्टनचे असू शकतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

फिल्टर तीन स्क्रूंवर असतो. नवा बसवा, चेंबरचं पॅकिंग नवं आणि कोरडं. सिलिकॉनचा लगदा लावू नका, आत निसटलेला तुकडा थेट फिल्टर आणि व्हॉल्व्हकडे जातो. बोल्ट ८ न्यूटन मीटर, दोन्ही बुचं १४ न्यूटन मीटर, वॉशर नवे. कास्ट अॅल्युमिनियमचे आटे आहेत, जोर लावून आवळणारा मेकॅनिक असेल तर टॉर्कचा पाना स्वतः हातात घ्या. चेंबर बंद करण्याआधी कन्व्हर्टरचं बुच परत लावलंय ना, हे बघून घ्या.

भरताना आधी चार लिटर टाका, तेही स्वच्छ फनेलने, जे कूलंट किंवा ब्रेक ऑइलसाठी कधी वापरलेलं नाही. इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागेवर क्षणभर ठेवा, पीमध्ये परत या, मग अर्धा अर्धा लिटर करत जा. कन्व्हर्टर रिकामा केलेला असेल तर एकूण साधारण सहा ते साडेसात लिटर जातं. दहा लिटर जवळ ठेवा. शेवटची खूण गरम झाल्यावरच.

दोन गोष्टी करू देऊ नका. मशीनने दाबाखाली 'फ्लश', कारण चाळीस वर्षांचा चिकटलेला मळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकतो. आणि सील फुगावेत म्हणून तेलात ब्रेक ऑइल घालण्याचा जुना जुगाड. त्याने सील आधी फुगतात, मग पिठासारखे मऊ होतात आणि बॉक्स उघडल्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

केबल, किकडाउन आणि आयडल

केबल थ्रॉटलच्या सांध्यावरून चालते, म्हणून आधी सांधे बघा. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थ्रॉटलची पाकळी खरोखर पूर्ण उघडते का? झिजलेल्या प्लास्टिक बुशांमुळे बऱ्याच गाड्यांत ती उघडत नाही. मग केबल ताणून गिअर उशिरा करायला जाणं व्यर्थ.

सांधे ठीक असतील तर थ्रॉटल बंद ठेवून केबलच्या टोकाची बॉल सॉकेट काढा. ती मागे पूर्ण ढकला, मग पुढे ओढत या. जिथे पहिल्यांदा किंचित अडथळा जाणवेल तिथे थांबा. त्या जागी सॉकेट बॉलच्या नेमकी वर आली पाहिजे, ताण न देता, ढील न ठेवता चटकन बसली पाहिजे. नाही आली तर अॅडजस्टरने तिथे आणा. केबल ढिली असेल तर गिअर लवकर आणि लुळे पडतात, दुसऱ्यातिसऱ्यात इंजिन ओरडतं. ताणलेली असेल तर गिअर उशिरा पडतात आणि थांबताना झटका. जुनी जागा रंगाच्या खुणेने नोंदवा, म्हणजे परत येता येईल.

किकडाउनची (पेडल तळाशी दाबल्यावर खालचा गिअर पडण्याची) चाचणी: इग्निशन चालू, इंजिन बंद, पेडल तळाशी दाबा, बॉक्सपाशी बसलेल्या माणसाला सोलेनॉइडची टिक ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज, पेडलखालचं स्विच, वायर, या क्रमाने.

थांबतानाच्या झटक्यासाठी आयडलही पाहा. गरम इंजिनाला ही गाडी डीमध्ये ६०० च्या आसपास शांत असायला हवी. ८००-९०० वर धावत असेल तर एनमधून डी किंवा आरमध्ये टाकताना धक्का बसणारच. आणि गाडीच्या पोटात दोन फ्लेक्स डिस्क, म्हणजे रबरी जोडचकत्या आहेत, बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपशाफ्टच्या पुढे आणि मागे. रबराला भेगा असतील, इंजिनाचे माउंट बसलेले असतील, तर बॉक्स मऊ बदलूनही तुम्हाला 'ठाक' ऐकू येतं. या दोषासाठी बॉक्स उघडलेल्या गाड्या कमी नसतात.

कुठला गिअर रुसलाय यावरून कुठला भाग

वरचं सगळं नीट करूनही दोष उरला, तर तो आता बॉक्सच्या आत शोधायचा. इथे या बॉक्सची घडण कामाला येते. खालच्या नावांत बी म्हणजे ब्रेक, के म्हणजे क्लच, आणि फ्रीव्हील म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा भाग. पहिल्या गिअरमध्ये बी२ पट्टा आणि फ्रीव्हील, दुसऱ्यात बी१ आणि बी२, तिसऱ्यात के१ क्लच आणि बी२, चौथ्यात के१ आणि के२, रिव्हर्समध्ये बी३ आणि फ्रीव्हील. म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बी१ सोडतो आणि के१ पकडतो. या अदलाबदलीत के१ जरा मागे राहिला की क्षणभर कोणीच धरलेलं नसतं आणि इंजिन ओरडतं. तुमची तक्रार याच सांध्यावर आहे.

तेल, मॉड्युलेटर आणि केबल ठीक असूनही फक्त थंडीत ओरडणं उरलं, तर के१ च्या पिस्टनचे सील कडक झालेत. तापल्यावर ते मऊ होतात, म्हणून दोष जातो. उलट गरम असतानाच ओरडत असेल तर क्लचच्या प्लेटा झिजल्यात किंवा पातळ झालेल्या तेलाला आत कुठेतरी गळती आहे. या दोन टोकांच्या मध्ये, दोन्ही वेळेला सारखं पण थोडंसं ओरडणं असेल, तर या बॉक्ससाठी के१ च्या अॅक्युम्युलेटरची (क्लचचा दाब हळूहळू चढू देणाऱ्या भागाची) सुधारित स्प्रिंग मिळते. ते काम चेंबर उतरवून, बॉक्स गाडीतच ठेवून होतं. पूर्ण उघडण्याआधी हे करून पाहण्यात काही गमावत नाही.

तिसऱ्यातून चौथ्यात ओरडत असेल तर नजर के२ कडे. तिन्ही खालचे गिअर गेले, गाडी पुढे जातच नाही पण रिव्हर्स ताजा आहे, तर बी२ चा पिस्टन. या मालिकेतला हा ओळखीचा दुबळा भाग. तो फुटला म्हणजे बॉक्स संपला, असं नाही. सुधारित पिस्टन मिळतो आणि स्प्रिंगचं झाकण दाबून, सर्कलिप काढून तो खालूनच बदलता येतो. मात्र फुटल्यावर रेसवर रेस देत गाडी घरापर्यंत नेण्याचा हट्ट करू नका. सरकणारा पट्टा काही मिनिटांत जळतो. फ्लॅटबेड मागवा.

एक गोष्ट दोष नसून दोष समजली जाते. या मालिकेतले अनेक बॉक्स हलक्या पायाने दुसऱ्याच गिअरमध्ये उठतात, पहिला फक्त पेडल तळाशी दाबल्यावर किंवा लिव्हर खाली घेतल्यावर येतो. 'पहिला गिअर गेलाय' म्हणत कुणी खर्च सांगितला तर आधी ही परीक्षा करा.

गव्हर्नर शेवटी. सगळेच गिअर एकसारखे फार उशिरा पडत असतील किंवा गाडी एका गिअरमध्येच अडकत असेल आणि केबल, व्हॅक्यूम दोन्ही चांगले असतील, तरच तिकडे वळा. मळाने तो अडकतो, काढून धुऊन मोकळा करता येतो.

चाचणीची फेरी

माहीमहून लिंकिंग रोडवर थांबत थांबत मारलेल्या फेरीतून काही कळत नाही. पहाटे ईस्टर्न फ्रीवेला जा. सिग्नल नाही, मर्यादा ८०, तेवढ्यात चारही गिअर व्यवस्थित दिसतात. शेजारी वही घेतलेला माणूस हवा. पहिली फेरी थंड, हलक्या पायाने, प्रत्येक बदल कुठल्या वेगाला झाला ते लिहा. दुसरी अर्ध्या पेडलने. तिसरी गरम झाल्यावर, आणि मागे कुणी नसताना हळूहळू थांबत, झटका नेमका कुठल्या वेगाला येतो ते टिपत. ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची 'स्टॉल' चाचणी कुणी सुचवली तर जुन्या बॉक्सवर ती टाळा. करायचीच झाली तर पाच सेकंदांच्या आत, कारण तेल त्या वेळात भयंकर तापतं.

एका फेरीआधी एकच बदल. मॉड्युलेटर, केबल आणि आयडल एकाच दुपारी हलवले तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही, आणि बिघाड झाला तर परत कुठे जायचं तेही नाही.

उघडावाच लागला तर

चेंबरमध्ये खपल्या आणि जळका वास, किंवा सगळं करून दाबाच्या गेजवरही आकडे कमी, तर तुमचे मेकॅनिक बरोबर आहेत. गेजचे आकडे बॉक्सच्या क्रमांकाप्रमाणे दिलेल्या तक्त्याशीच ताडायचे, अंदाजाने नाही. दर ठरवताना पुढचं लिहून घ्या. के१, के२ आणि बी३ च्या अस्तर असलेल्या प्लेटा नव्या, बी१ आणि बी२ चे पट्टे तपासून, बी२ पिस्टन सुधारित, सगळे लिप सील आणि ओ-रिंग, पुढच्या पंपाचं सील आणि बुश. टॉर्क कन्व्हर्टर कापून साफ करून जोडणारा माणूस मिळाला तर उत्तम, नाहीतर निदान पूर्ण रिकामा करून धुवावा. कूलर आणि त्याच्या दोन्ही नळ्या फ्लश केल्याशिवाय नवा बॉक्स बसवू देऊ नका. जुन्या क्लचची पावडर तिथेच बसलेली असते आणि पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये नव्या बॉक्समध्ये येते.

जुने भाग परत मागा. प्लेटांवरचं अस्तर अजून चांगलं दिसलं, तर दोष दुसरीकडे आहे, आणि बॉक्स गाडीत बसवण्याआधीच ते विचारायला हवं.

पण तुमच्या बाबतीत सुरुवात त्या नळीच्या तोंडाला लावलेल्या बोटापासून करा. ओल लागली तर मॉड्युलेटर, ओ-रिंग, तेल आणि फिल्टर, आणि मग फ्रीवेची फेरी. बोट कोरडं राहिलं तर रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावर उघडून पाण्यावर तेलाची साय आहे का ते बघा, आणि व्हॅक्यूमच्या दोन्ही टोकांचे आकडे घेऊन पुन्हा लिहा.